दहापैकी

आत्याच्या वहीत कुणालाच दहापैकी दहा मिळालेले नाहीत. माझ्या लेकीनं एका दिवाळीच्या सुट्टीत कपाटातल्या नऊच्या नऊ वह्या काढून पानन्‌पान तपासलं. साडेनऊ दोनदा सापडले, नऊ बऱ्याचदा, पण दहा कुठंच नाहीत. तिनं विचारलं तेव्हा आत्या म्हणाली, "दहा दिलं की ऐकायचं संपतंय."

वह्या शंभरपानी, एकेरी रेघांच्या. पानावर पट्टीनं आखलेले चार रकाने: सूर, लय, शब्द, दम. त्यांच्या पुढं शेऱ्यासाठी थोडी जागा. दूरदर्शनच्या काळापासून हे चालू आहे. टीव्हीवर गाण्याचा कार्यक्रम असला, पुरस्कारसोहळा असला, लहान मुलांची स्पर्धा असली, की आत्या चष्मा पुसून वही मांडीवर घेते. कोल्हापूरच्या मंगळवार पेठेतल्या आमच्या माडीवर तिनं पस्तीस वर्षं मुलींना गाणं शिकवलं, गांधर्वच्या परीक्षांना बसवलं. मार्क देणं तिच्या हाताला सवयीचं आहे. पण वहीतले मार्क शिकवण्यातले नाहीत. शिकणाऱ्या पोरीला ती सहाच्या जागी सात देते, हुरूप यावा म्हणून. वहीत तसं चालत नाही.

नियम तीन. पहिला, गाणं सुरू झाल्यावर मिनिटभर पडद्याकडं बघायचं नाही. तोंड खिडकीकडं. गाणाऱ्याचे कपडे, दिवे, मागचे नाचणारे, सगळं नंतर. दुसरा, गाणारा कितीही मोठा असो, नाव सगळ्यात शेवटी लिहायचं, आधी आकडे. आणि तिसरा, ज्यावरून आमच्या घरात सगळ्यात जास्त वाद झाले तो: जे त्या वेळी समोर गायलं-वाजवलं गेलं त्यालाच मार्क. पूर्वी काय केलं, किती बक्षिसं घेतली, रेकॉर्ड किती खपली, यातलं काही धरायचं नाही.

'दम' या रकान्याबद्दल मात्र थोडं सांगायला हवं, कारण लोक तिथं चुकतात. दम म्हणजे लांब श्वास नव्हे. उचललेलं गाणं शेवटपर्यंत पेलणं म्हणजे दम. मुखडा झोकात घेऊन अंतऱ्यात ढेपाळणारे पुष्कळ असतात. आत्या म्हणते, तालमीत शड्डू ठोकण्यावरून पैलवान कळत नाही, पाचव्या मिनिटाला त्याचे पाय कुठं आहेत त्यावरून कळतो. कुस्त्यांचं खासबाग मैदान आणि केशवराव भोसले नाट्यगृह एकमेकांना लागून असलेल्या गावात ही तुलना कुणाला समजावून सांगावी लागत नाही.

२०२४ च्या फेब्रुवारीत, ४ तारखेच्या रविवारी रात्री, लेकीनं जाहीर केलं की आज कुणी झोपायचं नाही. अमेरिकेत लॉस एंजेलिसला ग्रॅमी पुरस्कार होते. मुख्य कार्यक्रम आपल्याकडं सोमवारी सकाळी साडेसहाला. पण त्याआधी पहाटे दोनला दुसरा एक सोहळा असतो, तो यूट्यूबवर दाखवतात. त्या वर्षी ग्रॅमीचे एकूण ९४ विभाग होते. त्यातले दहाच्या आसपास पुरस्कार मुख्य कार्यक्रमात देतात, बाकीचे सगळे या आधीच्या सोहळ्यात. आणि आपले लोक होते ते याच्यात. झाकीर हुसेन, राकेश चौरसिया, शंकर महादेवन.

"आज्जी, तू झोप. मी उठवतो तुला," लेक म्हणाली. (आमच्याकडं पोरी 'उठवतो'च म्हणतात. पुण्याच्या पाहुण्यांना दर वेळी नवल वाटतं.)

"मी कशाला झोपतोय? वही काढ."

मी सोमवारची किरकोळ रजा टाकून ठेवली होती. मोबाईल टीव्हीला जोडला. दोन वाजता गल्लीत कुत्रं भुंकायचं थांबलं होतं आणि समोरच्या घरातला देवघरातला लाल दिवा तेवढा दिसत होता. पडद्यावर एकामागून एक नावं पुकारली जात होती, लोक धावत येत होते, आभार मानून जात होते. एवढे पुरस्कार संपवायचे म्हणजे घाई असणारच. झाकीरभाईंचं नाव आलं तेव्हा लेक सोफ्यावर उभी राहिली. त्या एका रात्रीत त्यांना तीन पुरस्कार मिळाले: शंकर महादेवन ज्यात गातात त्या 'शक्ती' या वृंदाच्या अल्बमला, बेला फ्लेकचा बँजो, एडगर मायरचा डबल बास आणि राकेशजींची बासरी यांच्याबरोबर केलेल्या अल्बमला, आणि त्याच चौघांच्या 'पश्तो' या रचनेला. राकेशजींचे दोन. शंकर महादेवन यांनी आपल्या पत्नीचं नाव घेतलं, माझा प्रत्येक सूर तिला वाहिलेला आहे असं म्हणाले, तेव्हा आत्यानं डोळ्याला पदर लावला.

वहीत मात्र काही लिहिलं नाही. नाव लिहिलं, 'झाकीर हुसेन', आणि चारही रकाने कोरे.

"आज्जी!"

"वाजवलं कुठं त्यांनी? आले, घेतलं, गेले. मार्क कशाला देऊ?"

"अगं, तीन ग्रॅमी!"

"त्यांनी दिलेत की. माझ्याकडं वाजवायला लागतंय."

लेक रागावली. मलाही जरा लागलं. जगाच्या दुसऱ्या टोकाला आपल्या माणसाचं एवढं कौतुक होतंय आणि इथं रकाने कोरे. पण आत्याचं म्हणणं मनात राहिलं, आणि नंतर जसजसा विचार केला तसतसं ते अधिक पटत गेलं. संगीताचा पुरस्कार देताना तो घेणाऱ्याचं संगीत ऐकवायला सवड नसावी, ही गोष्ट मला आजही टोचते. मतं देणारे तिथं स्वतः गायक, वादक, निर्माते, ध्वनिमुद्रण करणारे असतात, त्यांनी ते ऐकलेलं असणार. पण पहाटे दोनला जागून बसलेल्या माणसाला तबल्याचा एक ठेकासुद्धा ऐकायला मिळू नये?

साडेचारच्या सुमाराला अंबाबाईच्या देवळातली काकड आरतीची घंटा ऐकू आली. मी चहा टाकला. आत्या वही मिटून, शाल पांघरून बसली होती. लेकीची समजूत काढायची म्हणून असेल, तिनं एक गोष्ट सांगायला घेतली. मी ती लहानपणापासून ऐकली आहे, पण त्या पहाटे ती नव्यानं ऐकली.

'साधी माणसं' हा भालजी पेंढारकरांचा १९६५ चा चित्रपट. कोल्हापूरच्या मातीतला. त्यातलं लोहाराच्या ऐरणीवरचं गाणं आमच्या खेबुडकर मास्तरांचं. मास्तर म्हणजे खरोखरच शाळामास्तर. संगीत होतं 'आनंदघन' यांचं. राज्य चित्रपट पुरस्कारांत उत्कृष्ट संगीतकार म्हणून आनंदघन हे नाव पुकारलं गेलं. कुणी उठेना. लताबाई तिथंच बसलेल्या, शांत. शेवटी संयोजकांनीच सांगितलं की आनंदघन म्हणजे याच.

"लताबाईंचं नाव लावलं असतं तर बक्षीस मिळालंच असतं," आत्या म्हणाली, "पण मग गाण्याला मिळालं का नावाला मिळालं, ते कुणाला कळलं असतं? म्हणून नाव शेवटी लिहायचं."

लेकीनं चहात खारी बुडवली आणि ती तुटून कपात पडेपर्यंत तशीच धरून बसली.

साडेसहाला मुख्य कार्यक्रम सुरू झाला. पहिलं गाणं नाचाचं, दुआ लिपाचं. आत्यानं मिनिटभर खिडकीकडं बघितलं, मग पडद्याकडं वळली आणि माणसं लोखंडी सांगाड्यावर चढलेली बघून म्हणाली, "आई गं." दम आठ दिला. एवढं नाचून श्वास जाग्यावर ठेवणं सोपं नाही, हे तिनं स्वतःहून कबूल केलं.

मग गिटारचे ते चार-पाच सूर आले. मला ते ठाऊक होते, कॉलेजात असताना कुणाच्या तरी कॅसेटवर ऐकलेले. ट्रेसी चॅपमन. गाणं १९८८ चं. तिच्याबरोबर ल्यूक कोम्ब्ज नावाचा गायक, ज्यानं तेच गाणं इतक्या वर्षांनी पुन्हा गाऊन घरोघर पोचवलं. आत्याचं तोंड खिडकीकडंच होतं. "हिनं आवाज कुणाकडून उसना आणलेला नाही," ती म्हणाली. वळून बघितलं तर तो गायक स्वतःची ओळ नसतानाही ट्रेसीच्या तोंडाकडं बघत ओठ हलवत होता, तिचा शब्द न्‌ शब्द मनात म्हणत होता. आत्या पुढं सरकली. "बघ, बघ. तंबोऱ्यामागं बसलेला शागिर्द असाच बघतो. त्यालाही लिही माझ्याकडून, शेऱ्यात." मी लिहिलं: 'ऐकणारा गायक.' सूर नऊ, शब्द साडेनऊ. हे सगळ्या वह्यांतलं तिसरं साडेनऊ.

मध्येच लेकीनं तिला एक गोष्ट समजावली आणि आत्या भलतीच खूश झाली. तिथं 'रेकॉर्ड ऑफ द इयर' वेगळं आणि 'साँग ऑफ द इयर' वेगळं. पहिलं ध्वनिमुद्रणाला, म्हणजे गायक, निर्माता, ते ध्वनीचे तंत्रज्ञ. दुसरं ज्यांनी गाणं लिहिलं, रचलं त्यांना. "म्हणजे शब्दाचा रकाना त्यांच्याकडंही आहे म्हण की!" त्या सकाळी पहिलं मायली सायरसला मिळालं, दुसरं बिली आयलिश आणि तिच्या भावाला. बिली गायली तेव्हा भाऊ पियानोवर होता. इतक्या हळू आवाजात, की लेकीनं टीव्हीचा आवाज वाढवला आणि आत्यानं तो पुन्हा कमी करायला लावला. "कानात सांगतेय ती. मोठ्यानं कशाला ऐकायचं?" तरी 'दम'मध्ये सातच दिले. का, ते मी विचारलं नाही. माझे आठ असते.

आणि मग जोनी मिचेल.

हे मला नीट सांगायचं आहे. मंचावर एक मोठी, राजेशाही थाटाची खुर्ची. बाजूला ब्रँडी कार्लाइल आणि काही वादक. खुर्चीतल्या बाईंचं वय ऐंशी. २०१५ मध्ये त्यांच्या मेंदूतली रक्तवाहिनी फुगून फुटली होती. त्यानंतर बोलणं, चालणं, गाणं सगळं पहिल्यापासून शिकावं लागलं. इतकी वर्षं एवढं नाव, पण ग्रॅमीच्या मंचावर त्या गात होत्या ते पहिल्यांदाच. गाणं त्यांनी पंचविशीच्या आत लिहिलेलं, आयुष्य दोन्ही अंगांनी बघितल्याचं. पंचविशीत माणसाला काय कळतं, असं वाटावं, आणि आता ऐंशीव्या वर्षी तेच शब्द.

आत्याला यातलं काहीच माहीत नव्हतं. ती खिडकीकडं तोंड करून बसली होती.

पहिली ओळ आली. आवाज खाली, खूप खाली गेलेला, थोडा खरखरीत. तरुणपणी ज्या उंचीवर तो सहज फिरायचा तिथं आता जाणं नव्हतं, आणि बाई तिकडं जायचा प्रयत्नही करत नव्हत्या. हातातल्या काठीनं हळूच ताल धरला होता. ओळीच्या आधी एक क्षण थांबायच्या, मग शब्द ठेवायच्या. ठेवायच्याच. दिवाळीत आपण दारात पणती ठेवतो, वात न हलता, तशा.

मी आत्याकडं बघत होते. तिच्या उजव्या हाताची तर्जनी गुडघ्यावर हलत होती. मिनिट केव्हाच होऊन गेलं, तरी ती वळली नाही. गाणं अर्ध्यावर आल्यावर तिनं खिडकीकडं बघतच विचारलं, "बाईंचं वय काय गं?"

"ऐंशी."

"आजारी होत्या का?"

मी सांगितलं. मग ती वळली, आणि शेवटच्या सुरापर्यंत हलली नाही.

पेन उघडं होतं. लय नऊ. शब्द साडेनऊ. दम साडेनऊ. सुराच्या रकान्यावर पेन टेकवून ती बराच वेळ थांबली. मग साडेसहा लिहिलं.

लेकीच्या डोळ्यांत पाणी होतं. "साडेसहा, आज्जी?"

"दोन जागी हलला की सूर. खोटं लिहू होय?" मग वही मिटता मिटता म्हणाली, "साडेसहाचा सूर घेऊन साडेनऊचं गाणं केलं बाईनं. ते आकडे शेजारी शेजारी आहेत म्हणून तर दिसतंय. सुराला नऊ दिले असते तर तिनं काय केलं ते कुठं दिसलं असतं?"

कोल्हापूरचा माणूस असं काही ऐकलं की त्याला थोर गवई अल्लादियाखाँसाहेब आठवणारच. १८९५ मध्ये शाहू महाराजांनी त्यांना दरबारात आणलं. देवल क्लब त्याआधीपासूनच, १८८३ पासून, गावाला गाणं ऐकवत होता. पण त्याही आधीची गोष्ट अशी सांगतात, की आमलेटा नावाच्या संस्थानात रात्रीमागून रात्री गाऊन खाँसाहेबांचा आवाजच बसला. दोनेक वर्षं गाणं बंद. परत आला तो पूर्वीचा आवाज नव्हताच. तेव्हा त्यांनी त्या मोडलेल्या आवाजाला पेलेल अशी गायकी घडवली. लयीशी गुंफलेली, वळणावळणाची, अवघड. जयपूर-अत्रौली घराणं म्हणून आज जे ऐकतो ते असं उभं राहिलं. मोगूबाई, केसरबाई या गायिका त्यातूनच आल्या. आत्याच्या गुरूंच्या गुरूंनी खाँसाहेबांना ऐकलं होतं. त्यामुळं ही गोष्ट आमच्या घरात घरातल्याच कुणा वडीलधाऱ्याची असल्यासारखी सांगितली जाते.

माझंही एक पान वहीत आहे. मी अकरावीत असताना गणेशोत्सवात एका मंडळाच्या भावगीत स्पर्धेत गायले होते. सप्टेंबरचा पाऊस, ताडपत्रीतून गळणारं पाणी, मागं जनरेटरची घरघर. तीन दिवस ताप होता, हे मी घरात कुणाला सांगितलं नव्हतं. दुसऱ्या अंतऱ्यात वरचा षड्ज घ्यायला गेले आणि आवाज चिरला. समोर पहिल्या रांगेत कुणीतरी हसलं. मी गाणं पुरं केलं, उतरले, आणि मंडपामागं जाऊन रडले. आत्यानं घरी हळदीचं दूध दिलं आणि "उद्या दिवसभर बोलू नकोस" एवढंच म्हणाली. कसं झालं, ते मी विचारलं नाही आणि तिनं सांगितलं नाही. पुढं लग्न झालं, गाणं सुटलं. बाळंतपणाला माहेरी आले तेव्हा पडून पडून कंटाळले म्हणून वह्या चाळत होते, त्यात ते पान निघालं. सूर चार. लय सात. शब्द नऊ. दम नऊ. शेरा: 'घसा फाटला. थांबली नाही.'

त्या चारानं मला वाईट वाटलं नाही. चार होते म्हणून मी त्या नवांवर विश्वास ठेवला. मुलगी तीन महिन्यांची झाल्यावर मी तंबोऱ्याच्या तारा बदलून आणल्या.

दहाच्या पुढं सोहळा संपला. टेलर स्विफ्टला सर्वोत्कृष्ट अल्बमचा पुरस्कार चौथ्यांदा मिळाला, असं आधी कुठल्याच गायकाच्या बाबतीत झालं नव्हतं. ती त्या रात्री गायली नाही, त्यामुळं तिचेही रकाने कोरे राहिले. लेक तिची मोठी चाहती, पण या वेळी वाद घातला नाही. "झाकीरभाईंनाही नाहीत ना, मग ठीक आहे," म्हणाली आणि आंघोळीला गेली.

त्याच वर्षी ऑगस्टमध्ये केशवराव भोसले नाट्यगृह जळालं. आत्या त्या रात्री टीव्हीसमोर बसून होती, मांडीवर वही नव्हती. त्यावर लिहायचं तर वेगळं लिहावं लागेल.

आणि डिसेंबरात झाकीरभाई गेले.

बातमी आली त्या संध्याकाळी लेकीनं फेब्रुवारीचं ते पान काढलं. नाव आणि चार कोरे चौकोन. ती काही बोलली नाही, नुसती ते पान उघडून आत्यासमोर बसली. आत्यानं बघितलं आणि मला म्हणाली, "माळ्यावरची ट्रंक काढ."

ट्रंकेत आणखी दोन वह्या निघाल्या, पुठ्ठा सुटलेल्या, कसरीनं कोपरे खाल्लेल्या. एकीत पुण्याच्या सवाई गंधर्व महोत्सवाची पानं होती. त्या वर्षी आत्या दोन मैत्रिणींबरोबर रात्रीच्या एसटीनं गेली होती, सतरंजी आणि दशम्या बांधून घेऊन. निळ्या शाईचे आकडे फिकट झाले होते तरी वाचता येत होते. गायकांचे सूर, लय, शब्द, दम, व्यवस्थित. वादकांना शब्दाचा रकाना रेघ मारून खोडलेला. लेक बोट फिरवत खाली आली आणि थांबली.

"आज्जी, हे काय? झाकीर हुसेन, लय... एक?"

मीही वाकून बघितलं. 'लय'च्या चौकोनात डाव्या बाजूला चिकटून एकच आकडा होता, १. पुढं काही नाही. दमाचा, शेऱ्याचा चौकोन रिकामा. १ च्या खालून शाईचा एक ओघळ रेघ सोडून गेला होता.

आत्या चष्म्यावरून बघून हसली. खूप दिवसांनी तिला असं हसताना बघितलं. "एक नाही गं. शून्य लिहायचं राहिलंय."

"म्हणजे?"

"लिहायला घेतलं, तेवढ्यात तिहाई आली. मग हातात पेन आहे हेच विसरलो. पेन तिथंच कुठं पडलं, परत येताना मैत्रिणीकडनं मागून घेतलं."

लेक त्या एकाकडं बघत राहिली. अकरा वह्यांत न सापडलेला आकडा, अर्धा. मग तिनं टेबलावरचं पेन उचलून टोपण काढलं आणि आत्यासमोर धरलं.

आत्यानं ते घेतलं नाही. शाल सारखी केली, खिडकीकडं तोंड केलं.

"आधी ते लाव," ती म्हणाली, "पश्तो."